सासूबाईंचं घोड्यापुढचं प्यादं

४ मार्च
झाली ना पंचाईत! महिलांच्या बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी रविवारी — मी विरुद्ध सासूबाई. गुण सारखे. जिंकेल तिला करंडक. पांढरी मोहरी त्यांची, काळी माझी. नऊ वर्षं घरी खेळतोय, मी एकदाही जिंकलेली नाही. वर ऐकायचं — "छान खेळलीस हो." तो 'हो' फार झोंबतो.

५ मार्च
त्या कायम राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवतात. नऊ वर्षांत बदल नाही. म्हणून मी त्यावरचा सिसिलियन बचाव पाठ करतेय. चोरून! दवाखान्यात, दोन पेशंटच्या मधे. आज त्या नादात एका आजोबांच्या दुखऱ्या दाढेऐवजी चांगल्या दाढेला भूल दिली. आजोबा देवमाणूस — "असू दे डॉक्टर, तीही कधीतरी दुखेलच."

७ मार्च
वीस चाली तोंडपाठ! नवऱ्याला बजावलंय, आईंना बोलायचं नाही. "छे, मी कशाला बोलू?"

९ मार्च
सासूबाई बारीक हसल्या आणि त्यांनी घोड्यापुढचं प्यादं ढकललं. तेही वजिराच्या बाजूचं! असं कुणी खेळतं का? वळून प्रेक्षकांत पाहिलं — नवरा वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या बुटांना नाडी नाही.

वीस चाली पाण्यात! दहा मिनिटं नुसती पटाकडे बघत बसले. मग म्हटलं, पाठांतर गेलं, डोकं तर इथंच आहे ना? चौदाव्या चालीला एक प्यादं मोकळं सोडलं. सासूबाईंना फुकटचं सोडवत नाही. वजीर आत घुसला, प्यादं खाल्लं — आणि मी उंटानं त्याची वाट बंद केली. अडकला! त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. शेवटी राजा आडवा ठेवून हात पुढे केला.

गाडीत बसलो. नवऱ्यानं रेडिओ लावला. "बंद कर तो!" — दोघी एकदम.

१० मार्च
सासूबाई डावाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. नवऱ्याची कबुली — "आईनं नुसतं बघितलं गं माझ्याकडे, सगळं बाहेर पडलं." घोड्यापुढच्या प्याद्याच्या त्या सुरुवातीला म्हणे ओरांगउटान म्हणतात — चक्क वानराचं नाव! हे मी घरात मोठ्यानं बोलणार नाही.

११ मार्च
पंचांचा फोन. आनंदाच्या भरात मी निकालाच्या कागदावर 'पांढरे विजयी'पुढेच सही ठोकलीय! खाली सासूबाईंचीही. करंडक त्यांच्या नावावर! मी "अहो, पण —" करतेय तोवर त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"मी हरलेय. सुनेनं हरवलं मला. चोख हरवलं. लिहून घ्या."