झाकणाखालचा वास

घाटकोपर, ६ जानेवारी २०२५

आदरणीय कमलआत्यास,
चेतनाचा सप्रेम जयभीम.

फोनवर बोलायला गेले तर रडू येईल, म्हणून लिहिते. तुझ्या रोशा गवताच्या तेलाने माझी पार वाट लावली. जंतूंवर त्याचा काय परिणाम होतो ते बघायला कॉलेजच्या लॅबमध्ये मी काचेच्या ताटलीत थेंबभर तेल ठेवलं आणि ताटली डब्यात बंद केली. त्याच डब्यात माझ्या मैत्रिणीच्या, निधीच्या, बुरशी वाढवायच्या ताटल्या होत्या. परवा उघडलं तर तिच्या सगळ्या ताटल्या कोऱ्या! तेल तिकडे पोचलंच नव्हतं गं. पोचला होता फक्त वास. 

पण निधीची दिवाळीपासूनची मेहनत गेली. ती माझ्याशी बोलत नाही. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, हे पुन्हा करून दाखव, नाहीतर तो निव्वळ निष्काळजीपणा, आणि लॅबमधली तुझी जागा दुसऱ्याला. तू दिलेली बाटली तर संपली. बाजारचं तेल त्यांना चालत नाही, तेच हवं. पाठवशील ना?

तुझ्याच भरवशावरची,
चेतना

पिंपळखेडा, १३ जानेवारी

चि. चेतनास जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

रडते काऊन वं पोरी? आमचे हे गेल्यापासून तेल काढायची भट्टी थंड आहे, गवत कापायला माणूस मिळत नाही. गुडघ्यांना चोळायला एक शेवटची बाटली ठेवली होती, तीच पाठवते. माझे गुडघे कुठं पळून चालले!

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. भट्टीच्या खोपटात भाकरी राहिली तरी तिला बुरा, तुझी ती बुरशी, येत नसे. आम्हाला वाटे, धुरामुळे. जन्मभर त्या वासात वावरले आणि तो काय करतो ते मला माहीत नव्हतं. उलट त्याची लाजच वाटायची. तुमच्याकडे आले की तुझी आई माझी पिशवी गॅलरीत ठेवायला लावायची, आठवतं? तिचंही बरोबर होतं म्हणा, सगळ्यांचं डोकं उठायचं. निधीशी गोड बोल, घाबरू नको.

माया तर आहेच.
तुझी आत्या

घाटकोपर, २ फेब्रुवारी

आदरणीय आत्यास जयभीम.

झालं! या वेळी दोन डबे केले, एकात तेल, एकात नाही. बिनतेलाच्या डब्यात बुरशी हिरवीगार, मखमलीसारखी. दुसरा डबा निधीनेच उघडला. ताटल्या स्वच्छ! तिने एकेक ताटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "हे आपण दोघी शोधू."

मॅडमनी विचारलं, बुरशी मेली की नुसती निजली? उघड्यावर ठेवल्यावर काही ताटल्यांत ती परत उगवली, काहींत नाही. असं का, ते शोधायचंय. आता तेच माझं काम. जागा राहिली, आत्या! फक्त जखमेवर वगैरे कुणी लावू नका, हे अजून औषध नाही, असं मॅडमनी बजावलंय.

तुझं पत्र आईनेही वाचलं.  मग बाटलीचं बूच काढून तिने वास घेतला. अर्धी बाटली तुझ्या गुडघ्यांसाठी राखली आहे, पण ती कुरिअरने येणार नाही, तूच येऊन ने. आई म्हणाली, "कमलताईंना लिही, पिशवी आता माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवायची."

तुझा लोभ असाच दरवळू दे.
तुझी चेतना