अर्धा पडदा

१० जून, बुधवार

संस्कृती म्हणजे दाराची कडी कशी वाजवायची, तेसुद्धा! — कन्येचे आजचे विधान. महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवू लागल्यापासून जेवताना व्याख्यान आयते मिळते. प्रतीके, भाषा, मूल्ये, नियम, वापरातल्या वस्तू — म्हणे, यांनी संस्कृती बनते, आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षाही होते.

मी म्हणालो, संस्कृती म्हणजे उत्तम साहित्य, उत्तम संगीत, उत्तम वर्तन. बाकीच्या सवयी.

"बाबा, सवय एकट्याची असते. सगळ्यांनी न बोलता पाळली की ती संस्कृती."

"मग आपल्या घरातले एखादे प्रतीक सांग पाहू!"

तिने आईकडे पाहिले. सौ. उगाचच पाणी आणायला उठली. वाणिज्य शाखेचा असूनही मी कन्येला निरुत्तर केले, याचे मला समाधान वाटले.

तिला महाविद्यालयाजवळ भाड्याने खोली घ्यायची आहे. सोमवारपर्यंत होकार कळवायचा आहे. कारण काय? "जाण्यायेण्याचा त्रास." असेल.

१२ जून, शुक्रवार

कार्यालयातून संतापूनच आलो. कनिष्ठ लिपिकाने विम्याच्या दाव्यांची कागदपत्रे उलटसुलट लावली होती. घरी येऊन हातपाय धुतले, पाहतो तो दर्शनी खिडकीचा पडदा पुन्हा अर्धाच ओढलेला! किती वर्षे सांगतो आहे — एक तर पूर्ण ओढा, नाहीतर पूर्ण सारा. सारला.

थोड्या वेळाने कन्या आली, हसत, काहीतरी मोठ्याने सांगत. "आवाज!" एवढेच म्हणालो. तिचा चेहरा खर्रकन उतरला. आईकडे पाहून पुटपुटली, "पडदा तर उघडा होता..."

पडद्याचा येथे काय संबंध?

१३ जून, शनिवार

आज वही उघडू नये असे वाटले. तरी लिहितो.

विजार आखूड करायला खाली शिंप्याकडे गेलो होतो. तो माप घेता घेता म्हणाला, "साहेब, एक बोलू? रागावणार नसाल तर. वहिनींनी पडदा अर्धा ओढला, की राहू देत जा हो. काल ताईंना मीच वर पाठवलं. म्हटलं, उघडा आहे, जा बिनधास्त, साहेब आज बरे आहेत."

बरे आहेत!

"अर्धा असला की त्या इथे बाकावर बसतात ना. शाळेत होत्या तेव्हापासून. दप्तर मांडीवर घेऊन बसायच्या. तुम्हाला... माहीत नव्हतं?"

विजार तिथेच टाकून वर आलो. सौ. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही वाईट नाही हो. पण आत शिरणाऱ्याला आधी कळलेलं बरं."

वस्तू, प्रतीक, नियम, शिक्षा — सारे घटक माझ्याच दिवाणखान्यात! साऱ्या गल्लीला ही भाषा येते. मला तेवढी येत नव्हती. आणि मी शिस्त म्हणून जो पडदा सारत होतो, तो सारून मुलीला दरवेळी बेसावध माझ्यासमोर आणत होतो.

खोलीचे कारण जाण्यायेण्याचा त्रास नव्हे.

१४ जून, रविवार

दिवसभर मी चकार शब्द काढला नाही. रागावलेलोही नव्हतो. कन्या बाहेर गेली होती. संध्याकाळी पाहतो तो पडदा अर्धा. विचारले. सौ. दचकली — "अगंबाई! हात आपोआप गेला."

कन्या उशिरा आली. जेवून आले, म्हणाली.

१५ जून, सोमवार

आज होकाराचा दिवस. सकाळीच पडदा काढून धुवायला टाकला, आणि संध्याकाळी तिच्या यायच्या वेळेला खिडकीत उभा राहिलो. ती कोपऱ्यावर आली, सवयीने वर पाहिले, थबकली. पडदाच नाही म्हणजे काय समजायचे? तिने शिंप्याकडे पाहिले. त्यानेही खांदे उडवले.

मी हसलो. हात हलवला.

तिने वळून मागे पाहिले — मी कोणाला हात करतो आहे ते.

मागे कोणीही नव्हते.