घोडीच्या वजनाच्या दाखल्यावाचून अडलेल्या इंजेक्शनाबाबत

प्रति,
मा. औषध भांडार अधिकारी,
मोठ्या जनावरांचा दवाखाना

विषय: दुखणे थांबवणारे इंजेक्शन आजच मिळणेबाबत.
संदर्भ: खिडकी क्र. ३ वरील तोंडी सूचना (एकूण चार).

महोदय,

अर्जदार धंद्याने नालबंद असून एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या घोड्यांचे पाय सांभाळत आला आहे. सध्या त्याच्या स्वतःच्याच घोडीच्या पुढच्या दोन्ही खुरांना आतून सूज आहे. आपल्या डॉक्टरांनी घरी येऊन तिला तपासले. दुखणे आटोक्यात राहिले तर ती नक्की सावरेल, असे सांगून त्यांनी सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन लिहून दिले. ते आपल्या भांडाराबाहेर मिळत नाही.

१. औषध वजनावर ठरते, म्हणून खिडकीवर वजनाचा दाखला मागितला. रास्तच आहे. घोडीला ट्रकच्या काट्यावर नेले. अर्ध्या तासाच्या वाटेला तीन तास लागले. काट्यावर ती एकटी थांबेना, म्हणून मीही शेजारी उभा राहिलो. दोघांचे मिळून चारशे ऐंशी किलो भरले.

२. मिळून चालत नाही, असे कळले. माझे सत्तर वजा करून दाखवले, तर माझे वजन माणसांच्या डॉक्टरांच्या सहीने आणण्यास सांगितले. त्या रांगेत चार दिवस गेले. तुम्हाला काय होतंय, असे त्या डॉक्टरांनी विचारले. काय सांगणार, कपाळ!

३. तोवर काट्याची पावती आठ दिवसांची झाली. ती सातच दिवस चालते. घोडी पुन्हा काट्यावर न्यावी, अशी सूचना झाली. साहेब, ती कालपासून उठलेली नाही. उठत असती तर मी इथे कशाला आलो असतो? बायकोच्या शिवणकामाच्या टेपने तिच्या छातीचा घेर मोजला, त्यावरून आपल्याच डॉक्टरांनी वजन काढून दिले. ते खिडकीला पटले नाही. आता मात्र मी हात टेकले.

४. घोडी ओरडत नाही, म्हणजे फारसे दुखत नसावे, असे खिडकीवरच्या भाऊसाहेबांचे मत पडले. महोदय, दुखण्याने घोडा ओरडत नाही. तो दात खातो आणि घामाने भिजतो. बायको तिचे डोके मांडीवर घेऊन बसली आहे. मला तिथे बघवत नाही आणि आपल्या बाकावर बसवत नाही.

५. आज सकाळी मी न मागता दुसरा फॉर्म मिळाला. जनावराला कायमचे झोपवण्याचा. त्या इंजेक्शनाला वजनाचा दाखला लागत नाही, मालकाची सही पुरते.

खिडकी एक वाजता बंद होते. तोवर मी दारातच आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही) नालबंद
दिनांक: आजचाच, दुपारी बारा

सोबत:
डॉक्टरांची चिठ्ठी.
काट्याची पावती, मुदत संपलेली.
माझ्या वजनाचा दाखला.
झोपवण्याचा फॉर्म, सही न करता परत.