डाव्या हाताची गाठ

उस्ताद,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. अकोल्याच्या तुमच्या भोंग्यांच्या दुकानात कोणी चिठ्ठी आणली की तुम्ही ती न उघडताच माझ्याकडे सरकवायचे. तरी मराठीतच लिहितोय, कारण उर्दू मला येत नाही आणि हे दुसऱ्या कोणाकडून लिहून घेण्यासारखं नाही.

मागच्या महिन्यात माझ्या अमरावतीच्या दुकानात दर्यापूरची एक बाई गाडी घेऊन आली. जनावरांची डॉक्टर आहे, चाळिशीची, बोलायला रोखठोक. गाडी म्हणजे लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल. पुढे वारा अडवायला काच आणि तिच्याखाली रुंद कवच, मागे दोन्ही बाजूंना पेट्या, आणि आधीच्या मालकानं बसवून घेतलेले चार स्पीकर. सुट्टी मिळाली की ती एकटी चिखलदऱ्याला जाऊन येते. म्हणाली, "साठच्या वर गेली की गाणं हवेत उडून जाते. मले चांगले स्पीकर टाकून द्या, आवाज वाढवाले अँप टाका, वायरिंग पाहून घ्या." मी लिहून घेतलं. मग ती हेल्मेट काउंटरवर ठेवून जराशी घुटमळली.

"अजून एक हाय. गाणं बंद केलं तरी त्याच्यातून कोणीतरी बोलते."

"कोण?"

"माणूस हाय. म्हातारा असंन. काय बोलते ते समजत नाई. घाटात जास्त येते. बाजूले बसून कोणी हळूहळू काही समजावून सांगून राह्यलं, असं वाटते."

मी हसलो आणि तुम्ही मला शिकवलेलं तेच तिला सांगितलं. जोड गंजला की तो आपोआप रेडिओ पकडतो, कुठल्या तरी केंद्राचा आवाज स्पीकरात उतरतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तिचं समाधान झालं. माझंही झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं पुढचं कवच उतरवलं. आत वायरींची जुडी होती, आणि ती प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली नव्हती. मेण लावलेल्या निळ्या दोऱ्यानं, बोटाबोटाच्या अंतरावर गाठ मारून बांधली होती. दोऱ्याची टोकं काडीनं जाळून बसवली होती. जोडांवर टेप नव्हता. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब कापून तिच्या बाह्या चढवल्या होत्या. उस्ताद, हे काम करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. मी स्टूल ओढून खाली बसलो. गाडी चार वर्षांची आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली.

मी ती जुडी बराच वेळ बघत होतो, आणि मग लक्षात आलं की गाठी उलट्या आहेत. तुमची गाठ उजवीकडून यायची आणि टोक तुमच्याकडे ओढलं जायचं. ह्या सगळ्या डावीकडून आलेल्या होत्या. तुमचंच काम आरशात बघावं तशा.

डॉक्टरीणबाईंकडून आधीच्या मालकाचा नंबर घेतला. तरुण माणूस, आता परदेशात असतो. त्याला आठवलं. म्हणाला, "अकोल्याला जुन्या शहरात करून घेतलं होतं. दुकान नव्हतं, एका ओट्यावर बसले होते. पांढरी टोपी. मी पत्ता विचारायले थांबलो, तर तेच म्हणाले, दाखव गाडी. सगळं डाव्या हातानं केलं. उजवा हात पूर्ण वेळ कुर्त्याच्या खिशात." मी विचारलं, दिसायला कसे होते? तो म्हणाला, "अजीब हाय ना भाऊ. दोन तास समोर बसलो होतो मी, पण चेहरा आठवून नाई राह्यला."

फोन ठेवल्यावर मी पंखा बंद केला. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि माझ्या दंडावर काटा आला होता.

तुमच्या उजव्या हाताबद्दल मला बोलायलाच हवं. दर्ग्याच्या उरुसाचा, संदलच्या मिरवणुकीचा दिवस आहे. मी चोवीस वर्षांचा आहे आणि मला वाटतंय की मला सगळं येतं. सकाळपासून घाई आहे. ठेल्यावर जनरेटर, अँप, लोखंडी स्टँडवर दोन भोंगे. तुम्ही आठ दिवसांपूर्वीच माझा एक जोड सगळ्यांसमोर उचकटून फेकला होता. "टेपाच्या खाली काय लपवून राह्यला बे? दाखवाले लाज वाटन असा जोड मारू नको." त्या बोलण्याचा राग माझ्या मनात होताच. म्हणून त्या सकाळी जनरेटरच्या वायरीला मी कथील वितळवून डाख दिला नाही. नुसता पीळ दिला, वर टेप गुंडाळला आणि वायर स्टँडखाली सरकवली. पावसाची थोडी बुरबुर झाली. तुम्ही भोंगा वळवायला, करंट उतरलेल्या स्टँडला उजवा हात घातला. तुम्ही ओरडलात का, तेही मला आठवत नाही. वास आठवतो. नंतर सगळे तुमच्याभोवती धावले, आणि मी ठेल्याखाली वाकून ती वायर तोडली आणि खिशात घातली.

तीन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. तुम्ही म्हणायचे, जनरेटर खराब होता. पुढचं वर्षभर तुम्ही ओट्यावर बसून सांगायचे आणि मी करायचो. तुम्हाला धागा ओवता येत नव्हता, तेव्हा तुम्ही तो माझ्याकडे द्यायचे, काही न बोलता. ते मला सहन होईना. म्हणून मी अमरावतीला दुकान टाकलं. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा बाहेरगावी आहे असं सांगायला लावलं. मी दुकानातच होतो.

तो फोन झाल्यावर दोन दिवसांनी मी अकोल्याला आलो. तुमच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. मागच्या घरात आपा राहतात, तुमची मुलगी. केस पांढरे झालेत, चष्मा जाड आहे. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. बसा म्हणाल्या नाहीत, पण खुर्ची पुढे केली. मी फोनमधला त्या जुडीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा काढून फोन डोळ्यांजवळ नेला.

"हे कधीचं हाय?"

"गाडी चार वर्षांची आहे, आपा. हे काम गल्लीत कोण करतं आता?"

"कोणीच नाई." त्या उठून आत गेल्या. बराच वेळ आतून भांडी सरकवल्यासारखा आवाज येत राहिला. परत आल्या तेव्हा हातात एक फळी होती. फळीवर खिळे, खिळ्यांना ताणलेल्या वायरी आणि वायरींवर निळ्या दोऱ्याच्या गाठी. एका टोकाला वेड्यावाकड्या, सुटलेल्या. दुसऱ्या टोकाला येईस्तोवर एकसारख्या. सगळ्या डावीकडून आलेल्या.

"तुमी गेल्यावर अब्बा आतच बसाचे," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं शिकाचे. पहिले तर दातानं धागा ओढाचे, ओठ फाटाचे त्याईचे. कोणाले पाहू देत नव्हते. जमलं तवा मले म्हणाले, तो आला की त्याले दाखवीन."

मी फळीवरून बोट फिरवलं. दोऱ्यावरचं मेण अजून चिकट होतं. बावीस वर्षांत मेण वाळायला पाहिजे होतं ना, उस्ताद? मी आपांकडे पाहिलं, त्यांनीही माझ्या बोटाकडे पाहिलं आणि फळी पदराआड घेतली. आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं, जे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. "आपा, संदलच्या दिवशी जनरेटर खराब नव्हता. तो जोड माझा होता."

त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, "मले सांगून काय करता? हात काय माझा गेला? त्याईलेच सांगा." आणि दारापर्यंत आल्यावर, "कबरस्तान कुठं हाय ते तरी माहीत हाय का तुमाले?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी हातानं दिशा दाखवली. मी त्या दिशेला गेलो नाही, सरळ अमरावतीला आलो.

डॉक्टरीणबाईंचं काम पूर्ण केलं. पाण्यात टिकणारे नवे स्पीकर घातले, सीटखाली अँप बसवला, बॅटरीजवळ फ्यूज दिला. हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून वायर कुठे ताणत नाही ना ते पाहिलं. प्रत्येक स्पीकरला पेन्सिल सेल टेकवून त्याचा पडदा बाहेर येतो की आत जातो ते तपासलं, तुम्ही बघायचे तसं. तुमची जुडी मी उकलली नाही. नव्या वायरी तिच्या शेजारून नेल्या. आणि अगदी शेवटी, उजव्या बाजूला, अर्थिंगच्या वायरीवर मला काळा टेप सापडला. पूर्ण गाडीत तेवढाच. सोलला तर आत डाख न दिलेला नुसता पीळ, हिरवा पडलेला. कोणा रस्त्यावरच्या मेकॅनिकनं नंतर मारला असेल. मी स्वतःला तसंच सांगितलं.

डाख द्यायच्या आधी मी चावी फिरवली, गाणं लावलं नाही, आणि कान स्पीकरला टेकवला. भर दुपार होती, रस्त्यावर ऑटोंचे हॉर्न वाजत होते. तरी आवाज आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसाच, शेजारी बसून समजावल्यासारखा. शब्द कळले नाहीत. पण मधेमधे तो थांबत होता, समोरच्यानं हुंकार द्यावा एवढा वेळ. मी जोड पक्का केला. आवाज गेला.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा चिखलदऱ्याहून फोन आला. "एक नंबर काम केलं तुमी. ऐंशीवर पण साफ ऐकू येते." मग म्हणाल्या, "तो माणूस आता नाई बोलत. चांगलंच झालं म्हणा. पण घाटात एकदा गाणं बंद करून पाह्यलं मी. सवय झाली होती."

त्यानंतर तुमच्या कबरीवर येऊन हे सांगायचं म्हणून मी दोनदा निघालो. दोन्ही वेळा मूर्तिजापूरपर्यंत आलो, चहा घेतला आणि गाडी परत फिरवली. घरी सांगितलं, सामान आणायला गेलो होतो.