धुतलेली काठवट

आई, ‘काठवट’ हा शब्द तुझ्यानंतर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. तुझ्या माहेरी भाकरीचं पीठ लाकडी काठवटीत मळायचे, असं तू सांगायचीस आणि कॉन्व्हेंटात जाणाऱ्या मला त्या शब्दाचंच हसू यायचं. आता माझी साठी उलटली आहे. मध्यंतरी इथे सिंगापूरला, समोरच्या फ्लॅटमधली बाई तशीच एक लांबट, काळपट काठवट छातीशी धरून दारात उभी राहिली, आणि तो शब्द आपोआप ओठांवर आला.

ही शेजारीण एस्टोनियाची. युरोपात अगदी वर, समुद्राकाठचा चिमुकला देश आहे तो. इथे त्यांची मोजकीच घरं. दर शनिवारी आमच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, हॉलमध्ये ती त्यांच्या मुलांना जमवते, गाणी म्हणून घेते, आपल्या भाषेत बोलायला लावते. ती त्यांच्या भाषेत विचारते, मुलं इंग्रजीत उत्तर देतात. तिची लेक तर अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणते, “ममा, सेम थिंग, लाह!” एकच शब्द मात्र सगळी मुलं न चुकता त्यांच्याच भाषेतला वापरतात: लेइब. म्हणजे त्यांचा राय नावाच्या धान्याचा काळा, आंबूस पाव. “तो आहे तोवर मुलं माझ्या हॉलमध्ये येतील,” ती एकदा म्हणाली होती, “नुसत्या व्याकरणासाठी कोण येतं?”

आमची ओळख दह्यावरून झाली. माझ्याकडे जेवताना तिनं दोनदा दही घेतलं आणि कुठून आणतेस म्हणून विचारलं. मी तिला विरजण समजावून सांगितलं: कालचं चमचाभर आजच्या दुधात, आजचं उद्याच्या. ती खुलली. “म्हणजे तुझ्या आईपासून चालत आलेलं?” मी मान हलवली. म्हणूनच गावी जाताना तिनं काठवट माझ्याकडे सोपवली. बंद घरात दमटपणानं बुरशी धरेल, अशी भीती होती तिला. “कोरड्या जागी ठेव, बस. तुला काय सांगायचं, तू तर जाणतेस.”

मी काय जाणत होते, आई? काठवटीच्या कोपऱ्यांत, फटींत वाळलेल्या पिठाचे थर बसले होते. बिचारीला जायच्या घाईत घासायला वेळ मिळाला नसेल, असंच मला वाटलं. शाळेत सिस्टर नखं तपासायच्या आणि घरी तू भांडी तपासायचीस. अशा दोघींच्या हाताखाली वाढलेली मी. कढत पाणी घेतलं, नारळाची शेंडी घेतली, लाकूड उजळेपर्यंत घासलं आणि बाल्कनीत उन्हात वाळवलं. ती परतली त्या दिवशी काठवटीत रव्याचे लाडू मांडून घेऊन गेले. नाशिकच्या क्वार्टर्समध्ये एकदा मी शेजारच्या काकूंचा डबा तसाच परत द्यायला निघाले होते, आठवतं? तू मला पायरीवरून मागे बोलावलंस. “रिकामा डबा नेतेस? आपल्या घरात चिमूटभर साखर नाही का?” तेव्हापासून माझ्या हातून कुणाचं भांडं रिकामं गेलेलं नाही.

ती लाडू बघून हसली, एकेक उचलून ताटलीत ठेवू लागली. मग तिची बोटं कोपऱ्यात थांबली.

“तू ही धुतलीस?”

“हो, अगदी स्वच्छ!”

ती खुर्चीवर बसली. रागावली नाही, तेच मला जास्त लागलं. त्यांच्याकडे काठवट कधी धुवायची नसते, नुसती खरवडायची. फटींत वाळलेलं ते पीठ म्हणजेच पुढच्या पावाचं विरजण. तिच्या आजीचं, मग आईचं. आईच्या मागे ते तिनं सामानातून इथवर आणलेलं. शनिवारी त्यांच्या देशाचा वाढदिवस होता आणि मुलं त्याच काठवटीत पीठ मळणार होती. “दुसरं विरजण लावता येईल,” ती म्हणाली, “पण मुलांना मी काय सांगू? हे कुणाचं आहे?”

मला तू आठवलीस. वरच्या मजल्यावरच्या बाईशी तुझा अबोला होता. तरी ती वाटी घेऊन आली की तू मुकाट्यानं विरजण द्यायचीस. मी चिडले तर म्हणायचीस, “दिल्यानं संपतं का ते? आपलं बिघडलं तर कुणाकडे तरी असायला हवं ना.” मी शेजारणीला विचारलं, “तू हे कधी कुणाला दिलं होतंस का?” ती ताडकन उठली. मग फोनकडे धावली.

इथल्याच टॅम्पिनीस भागात त्यांचं एक कुटुंब आहे, त्यांना तिनं दिलं होतं. आम्ही दोघी एमआरटी मेट्रोनं गेलो. ती बाई फ्रिजमधून बरणी काढत ओशाळून म्हणाली, “फार आंबट झालंय गं, इथल्या उकाड्यानं. टाकूनच देणार होते.” माझ्या शेजारणीनं झाकण उघडलं, वास घेतला आणि तिथे उभ्याउभ्या रडली. परतताना बरणी मांडीवर घेऊन म्हणाली, “आईचंच आहे. सिंगापूरला राहून जरा तिखट झालंय, माझ्या लेकीसारखं.” मग आम्ही इतक्या हसलो की समोरची आजी आमच्याकडे बघायला लागली.

शनिवारी मी हॉलमध्ये होते. एका पोराच्या हातून पावाचा तुकडा खाली पडला. त्यानं तो उचलून आधी ओठांना लावला. अशीच रीत आहे म्हणे त्यांच्याकडे. तू पानाबाहेर सांडलेलं शीत कपाळाला लावायचीस. माझा हात नकळत कपाळाशी गेला.

मग शेजारणीनं मला पुढे बोलावलं. माझं दही वाट्यांतून मुलांना दिलं आणि सांगितलं की हे हिच्या आईचं आहे, भारतातून आलेलं, एकदाही तुटू न दिलेलं. आता त्यांच्या घराघरांत ते लागतंय. तिची लेक येते, “आंटी, तुमच्या आईचं दही लागलं!” म्हणून वाटी दाखवते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. आई, तुझं विरजण माझ्याकडे तू असतानाच तुटलं. ते दही खालच्या सुपरमार्केटातल्या प्लास्टिकच्या डब्यातलं आहे. त्या पहिल्या दिवशी मान हलवली ती हलवली. आता ती पोर वाटी पुढे करते तेव्हा मी बोट बुडवून चाखते आणि म्हणते, “हो, अगदी तिच्यासारखंच.”