सेवापुस्तिकेतली गंधाली

चौबे कॉलनी, रायपूर
६ मे २०२५

ती. सौ. चित्राआत्यास,
अबोलीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकशील. रोज सकाळी फोनवर बडबडणारी पोट्टी आज कागद-पेन घेऊन काहून बसली, असं वाटेल. फोन माझा असला तरी कान आईचे असतात, आणि माझे मेसेज तिच्या टॅबवरही उघडतात. ते जोडून देण्याचा शहाणपणा मीच केला. ही गोष्ट तिला कळायला नको आहे. उत्तर माझ्या नवा रायपूरच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, तो मागे लिहिलाय.

बाबांना जाऊन चार महिने होतील. आईच्या फॅमिली पेन्शनचा अर्ज शाळेने फेब्रुवारीतच पाठवला होता, तो काल परत आला. मी अर्धी रजा काढून पेन्शनच्या ऑफिसात चौकशीला गेले. तिथल्या रीना दीदींनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. सरकारी ऑफिसात न मागता पाणी मिळालं, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

त्यांनी बाबांचं सर्व्हिस बुक उघडलं. कुटुंबाच्या माहितीचं पान, तारीख २ फेब्रुवारी १९८९. बाबांचंच गोल, मास्तरी अक्षर. पत्नीचं नाव, श्रीमती गंधाली दिवाकर मोहरील.

आत्या, मी तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. आपल्यात लग्नात नाव बदलतात, म्हणून पहिला विचार तोच आला. पण आईची मॅट्रिकची गुणपत्रिका माझ्याकडेच आहे, त्यात ती रमा आहे. आधारवर रमा, बँकेत रमा. माहेरचीही रमा आणि सासरचीही रमाच. मग ही गंधाली कोण?

रीना दीदी म्हणाल्या की सरकार कुठल्याही रमाला ओळखत नाही, जे द्यायचं ते गंधालीलाच देणार. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं की पापाजींची दुसरी फॅमिली वगैरे होती का. मी उठून बाहेर आले. स्कूटरची किल्ली भलत्याच गाडीला लावत होते.

बाबा जुन्या पेन्शनवाले. म्हणजे ऑगस्टमध्ये निवृत्त झाले असते तर जवळपास अर्धा पगार जन्मभर, आणि त्यांच्यामागे त्यातला वाटा बायकोला. आईकडे दुसरं काहीच नाही. माझी नोकरी कंत्राटी, मार्चला संपते, आणि तिला पेन्शन ना बिन्शन. त्या एका ओळीवर आईचं पुढचं सगळं आयुष्य अडकलंय, आणि त्या ओळीत आईच नाही. मले तर काहीच सुचून नाही राहिलं.

तू त्यांची सख्खी बहीण. तुला काही माहीत असेल तर लपवू नकोस. पत्राने तुझी झोप उडाली तर क्षमा कर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
अबोली


नागपूर
११ मे २०२५

चि. अबोलीस,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र हातात घेऊन मी उभीच राहिले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कोण जाणे, डाळीचा पार लगदा झाला. तुझे काका म्हणाले, माहेरहून काय वाईट बातमी आली? मी म्हटलं, डाळ बिघडल्याचं दुःख आहे. पंचावन्न वर्षांची मी, शाळेत पोरांना खरं बोला म्हणून सांगते, आणि ही पाळी.

माझा दादा? ज्याने आयुष्यात पानपट्टीवर उधारी केली नाही तो? मी आधी तुझ्यावरच चिडले, खरं सांगते. मग आठवायला बसले, आणि आठवायला बसलं की माणसाला काहीही आठवतं बघ.

नावाचं म्हणशील तर आईने वहिनीचं नाव बदललंच नाही. लग्न राजनांदगावला झालं, मे अठ्ठ्याऐंशी. मी जाऊ शकले नाही. मला माता आली होती, म्हणजे कांजण्या. पुरानी बस्तीतल्या घरी लिंबाच्या पाल्यावर पडून होते. वऱ्हाड परत आलं तेव्हा आईने दारातूनच ओरडून सांगितलं की चित्रा, तुझी रमावहिनी आली गं. तेव्हापासून ती रमाच.

पण पुढच्याच फेब्रुवारीत दादाला नोकरी लागली ती कांकेरच्याही पलीकडे. तीन वर्षं तिकडे एकटा राहिला, वहिनी इकडे आईजवळ. सुटी संपायच्या दोन दिवस आधीच तो निघायचा. आई कुरकुरायची, मला वाटायचं केवढी ही कर्तव्यनिष्ठा! एकदा गोलबाजारातून त्याने मोगऱ्याचं अत्तर घेतलं होतं. ते मी त्याच्या पिशवीत या डोळ्यांनी पाहिलं. वहिनीच्या अंगाला अत्तराचा वास मला कधी आला नाही. आता तूच सांग, ते कुणासाठी होतं?

वरून कीर्तन आतून तमाशा, ही म्हण मी लोकांच्या घरांना लावत आले. आता कोणत्या तोंडाने लावू?

वहिनीला अवाक्षर कळू देऊ नकोस. आणि त्या गावाला जाऊन ये. खरं काय ते कळलंच पाहिजे, मग ते कितीही कडू असो. पोटात काही घालून जा, तुला उपाशीपोटी गाडीत उलट्या होतात.

तुझ्या काळजीत असलेली,
आत्या


चौबे कॉलनी, रायपूर
१९ मे २०२५

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

जाऊन आले. आईला सांगितलं की ऑफिसचं ट्रेनिंग आहे. तिने डब्यात पुऱ्या दिल्या आणि माझ्याशी इतकं गोड बोलली की मला स्वतःचीच लाज वाटली.

बाबांची पहिली शाळा अजून आहे, वर नवा पत्रा आलाय. तिच्यामागे कलावतीबाई राहतात. तेव्हाच्या शिपायाची बायको, मास्तरांची भाकर-भाजी त्याच करायच्या. आता सत्तरीच्या पुढे असतील. मी कोण आहे ते सांगितलं नाही, पेन्शनच्या कामाने आलेय एवढंच म्हटलं. मग विचारलं की मोहरील मास्तरांच्या ओळखीत कुणी गंधाली होती का.

त्या पटकन म्हणाल्या, हव, गंधालीबाई! आत्या, छत्तीस वर्षांपूर्वीचं नाव त्या बाईंना शेजारणीचं असावं तसं आठवत होतं. गुरुजी सारखं तिचं नाव घ्यायचे म्हणे. गंधालीला आंबट फार आवडतं, गंधाली अक्षर सुंदर काढते. पुढच्या महिन्यात तिला इथे घेऊन येतो, असं दर महिन्याला सांगायचे. तिच्यासाठी त्यांनी खोलीला वेगळी न्हाणी बांधून घेतली होती. ती बाई काही आली नाही. कलावतीबाईंनी तिला कधी पाहिलं नाही.

आपल्या घरात बाबा आईला काय म्हणायचे, आठव. अगं. ऐकलंस का. पस्तीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून रमा हे नाव ऐकलं नाही. आणि तिकडे गावभर गंधाली, गंधाली.

परत आल्यावर रीना दीदींकडे गेले. प्रॉव्हिडंट फंडाचा कागदही निघाला. त्यातही वारस म्हणून तीच, शंभर टक्के. त्या म्हणतात की गंधालीची सही आणा, नाहीतर तिचा मृत्यूचा दाखला, नाहीतर घटस्फोटाचा कागद. यातलं काहीच नसेल तर कोर्टात जा. जिला कुणी पाहिलं नाही तिचा मृत्यूचा दाखला मी कुठून आणू?

बाबांच्या फोटोला मी चार दिवस हार घातला नाही. आईने विचारलं, मी म्हटलं फुलवाली आली नाही. आईने स्वतः जाऊन मोगरा आणला. तो वास घरभर आला आणि मी अंघोळीच्या निमित्ताने आत जाऊन रडले.

पुढे काय करायचं ते लवकर कळव. लोभ ठेव, आता त्याची फार गरज आहे.

अबोली


नागपूर
२४ मे २०२५

चि. अबोलीस,
अ. उ. आ.

म्हणजे खरंच निघालं. संपलं. मी दादाचा फोटो हॉलमधून काढून कपाटात ठेवला. तुझे शिरीषकाका रिकाम्या खिळ्याकडे बघत बसले.

आता रडून उपयोग नाही. ती गंधाली कुठे असेल तिथून शोध. बाई जिवंत असेल तर तिच्या पाया पडू, काय हवं ते देऊ, पण सही घेऊ. माझ्या दोन पाटल्या आहेत, त्या मोडीन. भावाने घाण केली ती बहिणीने निस्तरायची, दुसरं काय! वहिनीला सांगू की सर्व्हिस बुकाला वाळवी लागली, म्हणून उशीर होतोय. तिने आयुष्यभर त्याचे सदरे धुतले, तिला हे ऐकवायचं माझ्यात धाडस नाही.

या भानगडीत मी शाळेत जाऊन माझंही सर्व्हिस बुक काढून पाहिलं. तीन वर्षांनी मलाही निवृत्त व्हायचंय. माझा वारस कोण, तर वडील! त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. लग्नाआधी भरलेला कागद, पुन्हा कुणी बघितलाच नाही. नवऱ्याचं नावच नाही. क्लार्क म्हणाला, मॅडम, दहातल्या सहा जणांचं असंच असतं. नवीन अर्ज भरून, पोच घेऊनच घरी आले. तूही तुझ्या फंडाचा कागद बघून घे, कंत्राटी असलीस तरी.

घाईत लिहितेय, पोस्ट बंद व्हायची वेळ झाली. आशीर्वाद आहेतच, देवावरचा माझा विश्वास तेवढा डळमळलाय.

आत्या


चौबे कॉलनी, रायपूर
३० मे २०२५

चि. सौ. चित्रास,
वहिनीचे आशीर्वाद.

तुझं चोवीस तारखेचं पत्र बुधवारी पोस्टमनने माझ्या हातात दिलं. पाकिटावर अबोलीचं नाव आणि पत्ता या घरचा. तीस वर्षं इथेच दिवाळीची पत्रं धाडलीस, हाताला सवय. मी फोडलं. नागपूरच्या पत्रात मला चोरून ठेवण्यासारखं कधी काही नसायचं.

दारातच उभ्याने वाचलं आणि पायरीवर बसले. खोटं कशाला बोलू, तुमच्यासारखाच मलाही धक्का बसला. कोण ही बाई, म्हणून मी तिला मनातल्या मनात चांगल्या चार शिव्या दिल्या. पाटल्या मोडायला निघालीस हे वाचून तर आणखी दोन वाढवल्या. मग शेजारची दूधवाल्याशी भांडायला लागली, त्या आवाजाने भानावर आले, आणि लक्षात आलं की अगं, गंधाली तर मीच.

तू हसशील, पण मी विसरले होते. हे नाव मला जेमतेम एक दिवस होतं. तुला माता आलेली, म्हणून आपल्या घरी लक्ष्मीपूजन करता येईना. ते राजनांदगावलाच माझ्या माहेरी उरकलं. ताटातल्या तांदळावर ह्यांनी अंगठीने नाव लिहिलं, गंधाली. मला ते इतकं आवडलं की मी ते तांदूळ मोडू देईना. सासूबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, हे काय अत्तराच्या बाटलीसारखं! रमा काय वाईट आहे? रायपूरला उतरेपर्यंत मी पुन्हा रमा झाले होते. हे शेजारी बसले होते, पण एका शब्दाने बोलले नाहीत.

ते मला लागलं. तुझा दादा चांगलाच होता, पण ज्याला आपण दिलेलं नाव आईसमोर उच्चारता आलं नाही, तो आपल्यासाठी काय उभा राहणार, असं माझ्या मनाने घेतलं ते घेतलंच. तिकडे नोकरीवर मला घेऊन जायचं म्हणायचे. सासूबाई नाही म्हणाल्या आणि हे पुन्हा गप्प बसले, तेव्हा मीही जोर लावला नाही. एकदा अत्तर आणलं होतं, ते मी उघडलंसुद्धा नाही. परत घेऊन जा म्हटलं. ते घेऊन गेले.

बुधवारी संध्याकाळी अबोली आली तेव्हा तुझं पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने मग सगळं सांगितलं. ती कलावतीबाई, ते आंबट, माझं अक्षर, ती न्हाणी. चित्रा, मी ते तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. मी मनात धरून बसले की ह्यांनी ते नाव त्याच दिवशी सोडून दिलं, आणि ह्यांनी ते सरकारदरबारी शाईने लिहून ठेवलं होतं. मला कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. आता कुणाशी भांडू?

काल आम्ही दोघी रीनाकडे गेलो. भली पोरगी आहे, ऐकता ऐकता तिनेच डोळे पुसले. मग म्हणाली की आंटीजी, सोपा रस्ता आहे. शपथपत्रात लिहा की पत्नीचं नाव चुकून गंधाली लिहिलं गेलं, महिन्यात काम होईल. वकिलाने तसा कागद टाइपही केला. मी सही केली नाही. चुकून लिहिलं नाही हो, असं मी त्याला सांगितलं. आता दुसरा रस्ता धरलाय. दोन्ही नावांची बाई एकच, असं शपथपत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, आणि लग्नात हजर असलेले दोन साक्षीदार. माझा भाऊ सौमित्र आणि मावसबहीण राधिका येणार आहेत. चार-सहा महिने जास्त लागतील. अबोली चिडली, मग तीच राधिकाला फोन करायला गेली. तू साक्षीदार होऊ शकत नाहीस, पण मधे महिनाभर तुझ्याकडे जेवायला येते, दंड म्हणून. पाटल्या हातातच राहू दे.

तुम्हा दोघींवर रागावले नाही. फक्त एक गोष्ट मनातून जात नाही, ती लिहिते आणि थांबते. ह्यांना दुसरी बायको होती, हे तुम्हाला आठवड्याभरात पटलं. ह्यांचा पहिलीवर जीव होता, हे काही तुम्हाला सुचलं नाही. पण तुम्हाला तरी काय बोलू? मलाच छत्तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

शिरीषरावांना नमस्कार. लोभ होता तसाच आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
वहिनी