वठलेल्या झाडाची तक्रार

ता. १४, रविवार, सकाळ

प्रिय विद्यार्थिनीबाई,

तुझं पत्र परवा मिळालं. इकडे सगळं ठीक. लेकीची परीक्षा आटोपली, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान नेहमीसारखं चाललंय, माझा गुडघा त्याच्या मर्जीप्रमाणे वागतो. ठीक नाही ते एकच. तुझं झाड.

तू विद्यापीठात नैसर्गिक साधनसंपत्ती आणि तिचं संवर्धन शिकायला गेलीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पंचेचाळिशीत पोरांच्या बाकावर जाऊन बसायला छाती लागते. पण अभ्यास तुझा आणि गृहपाठ माझ्या मानगुटीवर, हे कुठलं शिक्षण? आधी कचऱ्याचे वेगवेगळे डबे आले. मग भांडी विसळलेलं पाणी कुंड्यांना. लेक माझ्यावर पर्यवेक्षक म्हणून नेमल्यासारखी उभी असते, "बाबा, डबा चुकला." तेही गिळलं. आता गेल्या महिन्यापासून तू लिहितेस, अंगणातलं वठलेलं झाड पाडायचं नाही. उभं वाळलेलं झाडही कामाचं असतं, त्याच्या ढोलीत पक्षी राहतात, सालीखाली किडे राहतात. राहू देत बापडे. पण त्याच झाडाखाली मीही राहतो, त्याचा उल्लेख तुझ्या धड्यात कुठे नाही.

शेजारचे ड्रायव्हिंग मास्तर त्यांची शिकाऊ गाडी आपल्या भिंतीला लागून उभी करतात, हे तुला माहीत आहेच. रोज गाडी पुसता पुसता वर बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. मागे एकदा म्हणाले, "वहिनी तिकडे जंगल वाचवताहेत, इकडे माझं टप कोण वाचवणार?" त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. म्हणून तू कळवलंस तसं झाडं तोडणाऱ्याला बोलावलं. भिंतीकडच्या फांद्या उतरव, खोड राहू दे, असं सांगितलं. त्याला ते पटेना. मेलेलं खोड कशाला ठेवायचं, म्हणून पुन्हा पुन्हा विचारायला लागला. शेवटी मी म्हटलं, बायको शिकायला गेलीय. त्यावर त्याने मान हलवली, फांद्या उतरवल्या, आणि जाताना लेकीला हळूच म्हणाला, "बाबांना जप."

एवढं होऊन गप्प बसावं, तर त्या खोडावर एक सुतारपक्षी रुजू झालाय. तू लिहिशील, ही फार चांगली खूण आहे. असेल. पण माझी प्रार्थनेची वेळ आणि त्याची ठोकायची वेळ एकच. डोळे मिटून देवाशी दोन शब्द बोलावेत, तर टकटक, टकटक. पहिल्या दिवशी वाटलं दार वाजतंय. उठून उघडलं. कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही उघडलं. मग लेकीने सांगितलं, बाबा, तो पक्षी आहे. बरं, कळलं. तरी काल पुन्हा उठलो. लेक बघत होती. या वेळी ती चहा ठेवायला आत गेली.

तुझ्या पत्रांच्या शेवटी हल्ली तीच ती ओळ असते. तुझ्या मॅडम तुला पदवीनंतर डोंगरातल्या केंद्रावर ठेवून घ्यायचं म्हणतात, झऱ्यांची पाहणी, आणखी दोन वर्षं. महिनाअखेर उत्तर द्यायचंय, तुम्हाला काय वाटतं ते लिहा. आणि मी प्रत्येक वेळी तुला झाडाबद्दल लिहितो. तू न ओळखण्याइतकी भोळी नाहीस.

फोनवर विचारलं असतंस तर 'जा' म्हणून मोकळा झालो असतो. कागदावर तसं जमत नाही, हात अडतो. काय वाटतं ते लिहायचं, तर तू आता घरी यावीस असं वाटतं. प्रार्थनेला बसताना तुझ्यासाठी यश मागायचं ठरवून बसतो, आणि तोंडातून निघतं, तिला लवकर घरी येऊ दे. देवसुद्धा वैतागला असेल. एकदा काय ते नक्की कर आणि मग ये, म्हणत असेल.

आज सकाळी मात्र काठी घेऊनच बाहेर गेलो. म्हटलं, याला हाकलायचंच. मास्तर फडकं हातात घेऊन मजा बघायला उभे. पक्षी खोडाला चिकटलेला, लाकडाचा भुसा माझ्या चपलांवर पडत होता. त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थोडं ठोकायचा, डोकं आत घालून बघायचा, समाधान झालं नाही की पुन्हा ठोकायचा. तू रात्रंदिवस त्या जाड पुस्तकांत डोकं घालून बसायचीस, अगदी तसा.

"हाकलत का नाही?" मास्तर म्हणाले.

"त्याचं काम अर्ध्यावर आहे," मी म्हटलं.

काठी भिंतीला टेकवली, आत आलो आणि हे पत्र लिहायला बसलो.

तेव्हा मॅडमना हो म्हणून कळव. मला विचारून कळवते आहेस असं सांगू नकोस, उगाच मी मोठ्या मनाचा वाटेन. लेकीची काळजी नको, ती माझी घेते आहे. झाड उभं राहील. मास्तरांची गाडी मी पलीकडच्या बाजूला लावायला लावली आहे.

फक्त सुट्टीत येशील तेव्हा दार वाजवू नकोस, बाहेरून हाक मार. टकटकीवर माझा विश्वास राहिलेला नाही.

तरीही रोज उठून दार उघडणारा,
तुझाच